आधी अक्का

गिरजाअक्का घाबरल्या की पदराचे टोक दातांत धरत. आणि त्या बहुतेक वेळ घाबरलेल्याच असत. घरात कुकर चढला की शिट्टी होईपर्यंत अंगणात येऊन उभ्या राहत. विजेच्या तारेला झोळ पडलेला दिसला की खालून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून दुसऱ्या वाटेने जायला लावत. गावाच्या कडेने चाळीसगाव-धुळे रेल्वे जाते. दिवसातून मोजक्याच गाड्या. पण रूळ ओलांडण्यापूर्वी अक्का खाली बसत, रुळावर तळहात टेकवत, लोखंड थरथरत नाही याची खात्री करून घेत आणि मगच पलीकडे पाऊल टाकत. फाटक उघडे असले तरी. गावातली पोरे हसत. त्यावर त्यांचे ठरलेले उत्तर होते : "हसा, हसा. मी भित्री शे म्हनीसन मन्हा घरना बठ्ठा जित्ता शेतस."

आपण भित्र्या आहोत म्हणून घरातले सगळे जिवंत आहेत, हा त्यांचा दावा पूर्ण खरा नव्हता. ते मला फार उशिरा कळले.

मी त्या गावच्या आरोग्य केंद्रात औषधनिर्माता होतो. अक्कांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मधली भिंत सामाईक, अंगण सामाईक, आणि काही दिवसांतच अक्कांची भीतीही सामाईक झाली. माझी पत्नी मंगल गॅस पेटवण्यापूर्वी खिडकी उघडू लागली, ती अक्कांमुळेच.

त्यांच्या साऱ्या भीतींत एक अजब होती. घरात कोणाच्याही तोंडात जाणारी वस्तू त्या आधी स्वतः चाखत. मीठ-तिखट पाहण्यासाठी नव्हे. घास चावून, डोळे मिटून त्या थोडा वेळ तशाच बसत. "पोट काय सांगस ते दखू दे," म्हणत. त्यांचा मुलगा भूषण धुळ्याच्या कारखान्यात कामाला जाई. डबा भरलेला, गाडीची वेळ झालेली आणि अक्का कळण्याच्या भाकरीचा तुकडा तोंडात धरून ध्यानस्थ.

"माय, मन्ही गाडी चुकी जाई!"

"गाडी दुसरी यी. तू दुसरा कोठून लयसू?"

एकदा गुरांच्या डॉक्टरांनी म्हशीसाठी कसलीशी पूड दिली. अक्कांनी तीही चाटून पाहिली. दोन दिवस त्यांची जीभ कडू होती. डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो अक्का, ते म्हशीचं औषध आहे!" अक्का शांतपणे म्हणाल्या, "म्हैस बी मन्हीच शे ना."

हा किस्सा मी केंद्रात पुष्कळदा रंगवून सांगितला. लोक हसत, मीही हसे. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या भीतीवर हसणे स्वस्तात पडते.

भूषणचे लग्न झाले आणि पारोळ्याकडची शीतल त्या घरात आली. अंगाने काटकुळी, बोलायला कमी, पण दाराआडून ऐकून खुदकन हसणारी. तिला दिवस गेले तेव्हा केंद्रात तपासणी झाली. रक्त फारच कमी निघाले. गोळ्यांच्या पट्ट्या मीच खिडकीतून सरकवल्या आणि रोजचे वाक्य म्हटले : "दररोज एक, जेवणानंतर, चहाबरोबर नाही." त्या खिडकीतून मला फक्त हात दिसत. हिरव्या बांगड्यांचे हात यायचे, पट्ट्या घेऊन जायचे. त्या हातांनी पुढे काय केले, हे विचारावे असे मला कधी सुचले नव्हते.

पुढच्या तपासणीत शीतलचे रक्त आणखी उतरले होते. गावच्या आशा कार्यकर्त्या सुनंदाबाई माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुमच्या शेजारी गोळ्या फळीवर जशाच्या तशा आहेत. अक्का सुनेला हात लावू देत नाहीत. तुम्ही बोला. तुमचं ऐकतील."

मी गेलो. अक्का सुपात तूर पाखडत होत्या. मी माझे भाषण केले. रक्त कमी म्हणजे काय, बाळंतपणात काय होऊ शकते, जीव कसा जाऊ शकतो. माणसाला घाबरवले की तो ऐकतो, अशी माझी समजूत होती. अक्कांनी पदर दातांत धरला तो सोडलाच नाही. मी थांबल्यावर तो काढून म्हणाल्या, "भाऊ, ही गोयी तुम्ही खादी शे का?"

"मी कशाला खाऊ? मी काय गरोदर आहे?"

दाराआड शीतल हसली. अक्का हसल्या नाहीत.

"खादी नही. मंग तुम्हले काय मालूम?"

मी चिडून घरी आलो. गल्लीतल्या बायका त्यांना काय सांगत होत्या, ते मंगलने नंतर मला सांगितले. गोळी गरम पडते, त्यातून आता उन्हाळा. गोळीने मूल मोठे होते आणि अडते. अक्कांसारख्या बाईला घाबरायला यातले एकही वाक्य पुरेसे होते. त्यात मी माझे घालून आलो होतो. खाल्ली तर मरण, नाही खाल्ली तरी मरण, अशा दोन भिंतींच्या मध्ये मी त्यांना उभे केले आणि चहा प्यायला निघून आलो.

पण काही दिवसांनी सुनंदाबाई हसतमुखाने आल्या. पट्ट्या रिकाम्या होत होत्या. मला वाटले, भाषण लागू पडले. केंद्राच्या बैठकीत मी ते सांगितलेही. पुढच्या तपासणीत मात्र शीतलचे रक्त तिळभरही वाढले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखे पाहिली, आणि माझ्याकडे पाहिले. "गोळ्या घेते म्हणता ना? मग जातायत कुठे?" सहावा महिना संपत आला होता.

त्याच सुमारास अक्कांचे वागणे पालटले. त्यांनी आपल्या चांदीच्या पाटल्या उतरवून शीतलच्या हातात घातल्या. चाळीसगावच्या बहिणीला भेटून आल्या, तेही बसमधून, ज्या बसला त्या आयुष्यभर घाबरल्या. म्हैस कोणत्या वेळी पान्हा चोरते, हे भूषणला समजावून सांगू लागल्या. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला बायका जमल्या तेव्हा त्या एका बाजूला बसून होत्या. शिजलेले पीठ कोणी पुढे केले तर चाखलेही नाही. ते पाहून मंगल घाबरली. अक्का चाखत नाहीत म्हणजे काहीतरी भयंकर आहे, हे तिच्या लक्षात आले होते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात हा सण लेकींचा. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, दिवसभर गाणी चालतात. अक्कांच्या अंगणात मोठा निंब होता, पण त्याला कधी झोका बांधलेला मी पाहिला नव्हता. शीतललाही त्यांनी माहेरी पाठवले नव्हते. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत असूनही ते इथेच होईल, असे त्यांनी व्याह्यांना स्पष्ट कळवले होते. त्या दुपारी मंगल त्यांच्याकडून उठून आली ती रडतच.

"अक्का म्हणतात, माझे आता जास्त दिवस नाहीत."

"काय होतंय त्यांना?"

मंगल क्षणभर घुटमळली. "शौचाला काळं होतं म्हणे. डांबरासारखं. बरेच दिवस झाले. आतून सडले म्हणतात."

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. पट्ट्या कोण रिकाम्या करत होते, ते मला कळले. आणि शीतलच्या पोटात इतक्या दिवसांत एकही गोळी गेली नव्हती, सासूच्या धाकाने ती बोललीही नव्हती, हेही कळले.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. समोरच्या गल्लीत पोरी झोक्यावर गात होत्या. मी खाली पायरीवर बसलो. "अक्का, त्या गोळ्यांत लोखंडाचा अंश असतो. त्यामुळे काळं होतं. त्यात भ्यायचं काही नाही. सगळ्यांना होतं."

"बठ्ठासले व्हस?"

"सगळ्यांना."

"मंग सांगं का नही?"

परक्या बाईशी असल्या गोष्टी कशा बोलायच्या, या संकोचाने मी त्या खिडकीत ते वाक्य कधीच उच्चारले नव्हते. भिंतीवरच्या तक्त्यात ते शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात छापलेले होते, आणि तेवढ्यावर माझे समाधान होते.

अक्का गल्लीकडे पाहत म्हणाल्या, "रोज सकाय उठीसन मी दखू, आज जित्ती शे का."

"इतकी भीती होती, तर गोळ्या बंद का नाही केल्या?"

"बंद करतू ते समजतं कसं?" त्या माझ्यावरच रागावल्या. "मरनं व्हतं ते मी मरतू. ती पोटुशी शे."

विषाची परीक्षा घेतल्यासारखी ती बाई रोज संध्याकाळी एक गोळी गिळत होती, रोज सकाळी स्वतःचे मरण तपासत होती, आणि आपण मेलो नाही म्हणजे सुनेला देता येईल, या एका हिशेबासाठी थांबली होती. एवढ्या भित्र्या माणसाकडून एवढे धाडस कसे होते, हे मला आजही नीट उमगलेले नाही.

झोक्यावरचे गाणे थांबले, दुसरे सुरू झाले. अक्कांनी पदर दातांत धरला, सोडला.

"भाऊ, एक इचारू? खरं सांगशात?"

आणि त्यांनी रेखाची गोष्ट सांगितली. रेखा त्यांची लेक. अशाच एका आखाजीला भरल्या दिवसांची माहेरी आली. झोक्यावर बसायला मागत होती, अक्कांनी बसू दिले नाही. अशक्त दिसते म्हणून कोणी ओळखीच्या बाईने ताकदीच्या औषधाची बाटली आणून दिली. अक्कांनी आपल्या हाताने दोन चमचे पाजले. दुसऱ्याच दिवशी कळा सुरू झाल्या. बाळ मेलेले आले आणि रेखाचे रक्त थांबेना. जीपमधून धुळ्याला नेताना, शहर दिसायच्या आत, वळणावरच्या बाभळींपाशी तिने आईचा हात सोडला.

"ती बाटली मी चाखी नही," अक्का म्हणाल्या. "तवयपासून चाखस. भाऊ, त्या बाटलीमुये गयी का मन्ही पोर?"

मी विचारले, "रेखा तेव्हा दिसायला कशी होती?"

"चुनासारखी. दोन पायऱ्या चढनी का धापा टाके."

"मग बाटलीमुळे नाही, अक्का." एवढ्यावर मी थांबायला हवे होते का, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. पण त्यांनी खरे मागितले होते. "तिच्या अंगात आधीच रक्त नव्हतं. जे गेलं, ते सोसायला मागे काही उरलं नाही."

अक्कांनी कनवटीची अर्धी पट्टी काढून तळहातावर ठेवली.

"ह्या गोया तवय बी व्हत्यात का?"

खोटे बोलावे असे तीव्रतेने वाटले.

"होत्या."

"फुकट?"

"फुकट."

मला वाटले, आता पदर दातांत जाईल. तो गेला नाही. अक्का भिंतीचा आधार घेऊन उठल्या, उंबरा ओलांडून आत गेल्या, आणि त्यांचा आवाज मला बाहेर ऐकू आला : "शीतल, ताट वाढ. आपलं दोन्हीसनं. आधी."

त्या घरात सून नेहमी सर्वांत शेवटी जेवत असे. त्या दिवसापासून सासू-सुना दिवस मावळण्यापूर्वी आधी जेवू लागल्या. रिकाम्या पोटी गोळी घेतली तर मळमळते, एवढेच मी सांगितले होते. ताटांचा क्रम अक्कांनी ठरवला. भूषण कुरकुरला, "माय, मी दिवसभर काम करीसन उना. भूक लागनी माले."

"बस. तुन्हा पोटमा काय पोर शे?"

जेवण झाले की अक्का आधी गोळीचा कोपरा मोडून जिभेवर ठेवत. डोळे मिटून थांबत. मग उरलेली नव्हे, तर पट्टीतली नवी गोळी शीतलला देत, वर लिंबाची फोड. शीतलने जीभ बाहेर काढून दाखवायची, हा नियम. शीतल दाखवताना थोडे वेडावूनही घेई. चतुर्थीच्या दिवशी तिने विचारले, "आत्याबाई, उपासाले चालस का?" अक्का म्हणाल्या, "मी खादी ना. चालस." गल्लीतल्या कोणी पुन्हा गरमपणाचे काढले तर त्यांचा आवाज चढे. "मी भर वैशाखमा खादी. पेटनू का मी?"

त्यांची भीती गेली होती असे मात्र कोणी समजू नये. मूल मोठे होऊन अडेल, हे भय शेवटपर्यंत त्यांच्या मनात होते. गोळी देताना त्यांचा हात कापे. मी अंगणातून ते रोज पाहत होतो. हात कापायचा आणि गोळी द्यायचा.

शीतलचे रक्त हळूहळू चढले. पुरेसे नाही, पण चढले.

आषाढात एका दुपारी कळा सुरू झाल्या. केंद्रातून धुळ्याला न्यायचे ठरले. रुग्णवाहिकेत मी पुढे चालकाशेजारी बसलो. मागे शीतल, मंगल आणि अक्का. रस्ता तोच होता. बाभळींचे वळण जवळ आले तसा अक्कांचा आवाज बारीक होत गेला. त्यांनी शीतलचे मनगट घट्ट धरले होते.

"बोल. बोलत ऱ्हाय."

"काय बोलू, आत्याबाई?"

"काही बी बोल. माले शिव्या दे."

शीतलने एक कळ सोसली आणि दात आवळून म्हणाली, "तुम्ही... मन्ही बठ्ठी भाजी... आधी खाई जातस!"

मंगल हसली आणि रडली. मी आरशात पाहिले. वळण मागे गेले होते, आणि अक्का काचेतून त्या बाभळींकडे पाहत होत्या, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

दवाखान्याच्या लांब बोळात आम्ही थांबलो. मुलगी झाल्याचे परिचारिकेने सांगितले, आणि भूषण कारखान्यातून धावत येऊन पोहोचतो न पोहोचतो तोच आत एकदम धावपळ सुरू झाली. दार उघडे-बंद होऊ लागले. कोणीतरी "रक्तस्राव" असे म्हणाले. तो शब्द अक्कांच्या बोलीतला नव्हता, पण त्यांना तो कळला. त्या फरशीवर बसल्या, आणि पुढे वाकून त्यांनी उजव्या हाताचा तळवा जमिनीला टेकवला. रुळापाशी टेकवत तसा. डोळे मिटून त्या फरशीतून काहीतरी येत असल्याची चाहूल घेत होत्या. मला त्यांच्या शेजारी बसावेसे वाटले, पण धीर झाला नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पाऊल हलवले तर त्यांच्या हाताला हादरा लागेल म्हणून जागचा हललो नाही.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. डॉक्टर बाहेर आल्या. "थांबलं. बरंच गेलं, पण सोसलं तिने. दोन महिन्यांपूर्वीच्या रक्तावर आली असती, तर मी काही सांगू शकले नसते."

अक्कांनी जमिनीवरचा हात उचलला. थोड्या वेळाने परिचारिका शीतलसाठी पेज घेऊन चालली, तेव्हा त्या उठल्या आणि तिच्या हातातल्या भांड्यात चमचा घातला. "अहो आजी, पेशंटचं आहे ते!" ती ओरडली. अक्का डोळे मिटून पोटाचे ऐकत उभ्या होत्या.

पुढे गल्लीत एक रीत पडली. कोणाच्या सुनेला दिवस गेले की तिची सासू तिला पट्ट्यांसह अक्कांकडे आणी. अक्का कोपरा मोडून चाखत, आणि काळे होईल, ते सगळ्यांनाच होते, हे मोठ्याने, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे सांगत. मग ती पोर गोळी घेई. सुनंदाबाई हसून म्हणत, "आम्ही सरकारी, अक्का खात्रीच्या."

काही वर्षांनी माझी बदली सावद्याला झाली. इथल्या खिडकीत मी ती शेवटची ओळ आता स्वतः बोलतो. बायका पदर तोंडाला लावून हसतात. एखादी धीट विचारते, "तुम्ही खाल्ली का हो कधी?" मी सांगतो, खाल्ली आहे. ते खरे आहे. महिनाभर खाल्ली, आणि पहिल्या सकाळी, सगळे ठाऊक असूनही, भ्यालो.

आम्ही गाव सोडले त्या सकाळी टेम्पोत सामान भरले होते. शीतलने दशम्यांची पुरचुंडी दिली. तिची मुलगी तिच्या कडेवर होती. अक्का कुठे दिसल्या नाहीत. मंगल हिरमुसली. टेम्पो गल्लीतून निघाला, वळला, आणि रेल्वेच्या फाटकापाशी चालकाने करकचून ब्रेक दाबला.

फाटक उघडे होते. रस्त्याच्या मधोमध अक्का रुळाशी उकिडव्या बसल्या होत्या. एक हात आमच्याकडे आडवा धरलेला, दुसऱ्याचा तळवा लोखंडावर.

"ओ आजी, गाडी नाही आता! फाटक उघडं आहे!" चालक ओरडला.

त्या हलल्या नाहीत. डोळे मिटलेले होते. पदराचे टोक दातांत होते. मग त्याने इंजिन बंद केले. बऱ्याच वेळाने अक्कांनी आडवा हात हळूच बाजूला घेतला आणि मान हलवली : जा.

आम्ही रूळ ओलांडले. मी मागे वळून पाहिले, तेव्हा त्या तशाच बसून होत्या. दुसरा हात त्यांनी अजून रुळावरून उचलला नव्हता.